शब्दचर्चा: 'जॉनर फिल्म'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम
एका फिल्म सोसायटीच्या पुस्तिकेसाठी एक लेख मराठीत आणायचं काम अंगावर घेतलंय. विषय असा: अमेरिकेतले वेस्टर्न (घोडे-बंदुकांचे), गँगस्टरपट, भयपट, परग्रहवासीयांचे सिनेमे हे सगळे गल्ला भरायला काढलेले, पण त्या त्या काळातलं राजकारण आणि समाज त्यांत कसा उतरत गेला. पहिल्याच ओळीत 'जॉनर फिल्म' (म्हणजे असा एखाद्या ठरलेल्या प्रकारातला सिनेमा) आलं आणि गाडी अडली. मी 'पठडीतले चित्रपट' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'विशिष्ट शैलीतील चित्रपट' केलं. शैली दिग्दर्शकाची असते, छायाचित्रणाची असते. वेस्टर्न ही काय शैली आहे?

माझी खरी अडचण वेगळी आहे. पठडी, साचा, ठोकळेबाज, छापील, तद्दन, ठरलेल्या सगळ्या गोष्टींना आपल्याकडे नाकं मुरडणारेच शब्द आहेत. लेखाचा मुद्दा नेमका उलटा आहे. सगळं ठरलेलं असतं म्हणूनच त्यातली एखादी गोष्ट मोडली की ती लगेच दिसते. उदाहरणार्थ 'हाय नून' (१९५२). मार्शल (गावाचा पोलीस अधिकारी) आहे, दुपारच्या गाडीने सूड घ्यायला येणारा गुंड आहे, शेवटी गोळीबार आहे. सगळं नेहमीचं. पण मार्शल मदत मागायला दारोदार फिरतो आणि गाव एकेक दार लावून घेतं. चर्चमध्ये तर चक्क चर्चासत्र भरतं. गुंड मेल्यावर गाव गोळा होतं, तेव्हा तो छातीवरचा बिल्ला काढतो, धुळीत टाकतो आणि बायकोला घेऊन निघून जातो. पटकथाकार कार्ल फोरमनला तेव्हाच कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदीय समितीपुढे साक्षीला बोलावलं होतं. त्याने इतरांची नावं सांगितली नाहीत, काळ्या यादीत गेला आणि पुढे इंग्लंडला राहिला. आता हे सगळं 'पठडीबाज' या शब्दाखाली कसं घालू?

मठ्ठा
'पिक्चर'. संपला धागा.

निवृत्तमास्तर
साहित्यप्रकार, काव्यप्रकार, नाट्यप्रकार हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. त्याच धर्तीवर 'चित्रपटप्रकार' म्हणावे. सरळ, अर्थवाही, कोणालाही कळणारा शब्द हाताशी असताना 'जॉनर' कशाला? आणि तोही धड उच्चारता येत नाही. कोणी जॉनर लिहितो, कोणी जॉन्र, कोणी जॉनरा. मूळ फ्रेंच उच्चार यांपैकी एकही नाही.

अर्धविराम
सर, 'चित्रपटप्रकार' नाम म्हणून चालेल. 'जॉनर फिल्म'चं काय? 'प्रकारातला चित्रपट' म्हटलं तर वाचणारा विचारेल, कुठल्या प्रकारातला? प्रत्येक चित्रपट कुठल्या ना कुठल्या प्रकारात बसतोच की.

मठ्ठा
प्रकारपट. 'हा काय प्रकारपट आहे?' असं हॉलबाहेर येऊन म्हणायचं.

कातळशिल्प
अर्धविराम ताई, लेखाचं सोडा, शब्द बघा. जॉनर फ्रेंचमध्ये आला लॅटिन 'जेनुस'वरून, आणि तो आपल्या 'जन्' धातूचा सख्खा चुलतभाऊ. त्याच 'जन्'पासून आपला 'जाति'. म्हणजे कुळ शोधत गेलात तर जॉनरला मराठी शब्द 'जात' हाच! 'दोघांची जातकुळी एकच' असं आपण नाटकांबद्दल, गाण्यांबद्दल सर्रास म्हणतो. 'जातकुळीचा चित्रपट' का नको?

मठ्ठा
जातीचा चित्रपट म्हणा, पुस्तिका छापून यायच्या आधी मोर्चा येईल.

कातळशिल्प
'जातिवंत' चालतं की तुम्हाला. जातिवंत घोडा. वेस्टर्नला तर घोडा लागतोच.

निवृत्तमास्तर
व्युत्पत्ती आणि अर्थ या दोन गोष्टी आहेत. एका धातूपासून निघाले म्हणून शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. शिवाय जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'जीनस'ला प्रजाती आणि 'स्पीशीज'ला जाती म्हणतात. तुमच्या न्यायाने 'प्रजाती' म्हणावे लागेल.

खारीबिस्कीट
'पठडी' खोडली ते संपादकांनी वाईटच केलं. पठडी ही शिवी नाही. 'अमक्यांच्या पठडीत तयार झालेला' म्हणतो तेव्हा कौतुकच असतं. शिवी 'पठडीबाज'मध्ये आहे. सगळा दोष 'बाज'चा.

कातळशिल्प
पठडी बहुतेक पठणावरूनच आली असणार. तोंडपाठ केलेलं ते.

निवृत्तमास्तर
'बहुतेक' आणि 'असणार' यांवर व्युत्पत्ती उभी राहत नाही, कातळशिल्प. आणि खारीबिस्कीट, 'बाज'वर राग नको. 'लोकनाट्याचा बाज' हा चांगला शब्दप्रयोग आहे. हवे तर 'वेस्टर्न बाजाचे चित्रपट' म्हणता येईल.

खारीबिस्कीट
'बाजाचे' म्हटलं की मला खाटच दिसते, मास्तर.

ते जाऊ द्या. ताई म्हणतात त्याचं माझं आवडतं उदाहरण गँगस्टरपट. १९३१ चा 'द पब्लिक एनिमी'. मंदीचे दिवस, दारूबंदी चालू, आणि जेम्स कॅग्नी गल्लीतल्या पोरातून दारूचा गुंड होतो. लोकांना गुंड आवडायला लागला, हीच पंचाईत. सिनेमांसाठीची नैतिकतेची नियमावली १९३० पासून कागदावर होतीच, १९३४ पासून ती खरोखर राबवायला सुरुवात झाली. आणि १९३५ मध्ये 'जी मेन' आला. नट तोच कॅग्नी, स्टुडिओ तोच, गोळीबार तसाच धडाक्याचा, फक्त आता तो सरकारी तपास खात्याच्या बाजूने. त्याच वर्षी त्या खात्याला एफबीआय हे नाव मिळालं. पठडी तशीच ठेवून माणसाला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. याला 'शैली' म्हणणाऱ्या संपादकांना साष्टांग नमस्कार.

अर्धविराम
हे लेखात आहेच! पण आता पुढचा खड्डा. लेखात 'नोआर' येतं, फ्रेंचमध्ये 'काळा', काळोख्या गुन्हेपटांचं नाव. त्याला काय करू? 'कृष्णपट' लिहिलंय.

मठ्ठा
गोकुळाष्टमीला दाखवतील.

खारीबिस्कीट
'नोआर'च ठेवा. ते नावच मुळी परक्यांनी ठेवलंय. जर्मन ताब्यात असताना फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येत नव्हते. युद्ध संपल्यावर काही वर्षांचे साठलेले एकदम आले, आणि १९४६ मध्ये निनो फ्रँक नावाच्या समीक्षकाला त्यांतल्या काहींत एकच काळोख दिसला. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) काढणाऱ्यांना आपण नोआर काढतोय याचा पत्ताही नव्हता. ते त्याला गुन्ह्याचा मेलोड्रामा म्हणत असतील. एकेक करून बघणाऱ्या अमेरिकनांना जे जाणवलं नाही ते गठ्ठ्याने बघणाऱ्यांना जाणवलं. तेव्हा बारसं फ्रेंच आत्याबाईंनी केलंय, आपण नाव बदलायला जाऊ नये.

निवृत्तमास्तर
मग 'चित्रपट' हे बारसे कोणी केले? सिनेमा, फिल्म, मूव्ही सगळे हाताशी असताना आपल्या लोकांनी 'पट' म्हणजे वस्त्र घेतले आणि शब्द घडवला. पुढे बोलपट, अनुबोधपट, माहितीपट, लघुपट, संतपट, तमाशापट. 'पट' लावला की शब्द तयार होतो अशी ही टाकसाळ आहे. ती चालू असताना बाहेरची नाणी का आणायची?

कातळशिल्प
टाकसाळीत 'वेस्टर्न' घालून दाखवा सर. पश्चिमपट? आमच्या गावात पश्चिमेला समुद्र आहे, लोकांना मासेमारीचा वाटेल. आमचे वडील सरळ 'घोड्यांचा पिक्चर' म्हणायचे. कळायचं सगळ्यांना.

निवृत्तमास्तर
'तमाशापट' हा शब्द घ्या. 'सांगत्ये ऐका' (१९५९) तुफान चालला आणि त्याच्या मागोमाग तशा चित्रपटांची रांग लागली, तेव्हा हा शब्द सर्वांच्या तोंडी आला. कोणी समिती नेमली नव्हती. वेस्टर्नला मराठीत शब्द नाही, कारण मराठीत वेस्टर्न नाही. ज्याची गरज नाही तो शब्द घडत नाही. तेवढ्यापुरता मी 'वेस्टर्न' मान्य करतो. 'जॉनर' मात्र नाही, कारण प्रकार आपल्याकडेही आहेत.

अर्धविराम
सर, हे मला पटलं. पण मग 'प्रकार'मध्ये ती 'ठरलेपणा'ची छटा कुठून आणू? प्रेक्षक आधीच सगळं जाणून आत शिरतो, ही?

निवृत्तमास्तर
कीर्तनाला जाणाऱ्याला आख्यान ठाऊकच असते. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे कोणी विचारत नाही. बुवा आज त्यात कुठे थांबले, कोणाला टोमणा मारला, हे ऐकायला लोक जातात. त्यासाठी वेगळा शब्द लागला नाही. 'आख्यान' म्हटले की पुरे.

मठ्ठा
आख्यानपट! बुवा, हे बरं आहे.

खारीबिस्कीट
+१. गंमत म्हणून नाही, खरंच.

बाराखडीबाहेर
उशिरा येतोय. मला जॉनरपेक्षा लेखाच्या विषयवाक्याचीच धास्ती वाटते. 'समाजाचं प्रतिबिंब' असं लिहिणार असाल तर थांबा.

मी काही वर्षं पिट्सबर्गला होतो. तिथलं वेंकटेश्वराचं देऊळ आणि मोनरोव्हिलचा मॉल एकमेकांपासून फार लांब नाहीत. रविवारी दर्शन, मग मॉल, असा आपल्या लोकांचा रिवाज. त्याच मॉलमध्ये दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) चित्रित केला. मेलेली माणसं सवयीने मॉलकडेच येत राहतात, सरकत्या जिन्यावर चढतात, काचेवर हात आपटतात. सेलच्या दिवशी तिथे उभं राहिलं की सिनेमात मेकअप सोडून वेगळं काय होतं असं वाटायचं.

पण मुद्दा त्याच्या आधीच्या सिनेमाचा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. नायक कृष्णवर्णीय, ड्वेन जोन्स. रात्रभर तो एका शेतघरात गोऱ्या लोकांना सांभाळत, त्यांच्याशी भांडत तग धरतो. सकाळी बंदुका घेतलेली गोऱ्यांची टोळी येते आणि त्याला भूत समजून गोळी घालते. नंतर त्याचं प्रेत आकड्याने ओढतात, हे स्थिरचित्रांत दिसतं, वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखं खरखरीत. ज्याने बघितलंय तो म्हणतो, मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येचे पडसाद. पण चित्रीकरण १९६७ मध्येच सुरू झालं होतं, किंग गेले एप्रिल १९६८ मध्ये. सिनेमा झळकला ऑक्टोबरात. आणि जोन्सला घेतलं कारण चाचणीत तो सगळ्यांत चांगला ठरला, असं रोमेरो सांगत आला. आता बोला, पडसाद आधी आणि साद नंतर?

निवृत्तमास्तर
उत्तम मुद्दा. 'पडसाद'मध्ये क्रम आहे. 'प्रतिबिंब'मध्ये तर एकाच क्षणाची अट आहे. बिंब हलले की प्रतिबिंब हलले.

अर्धविराम
अरे देवा. लेखाचं शीर्षकच 'बदलत्या अमेरिकेचं प्रतिबिंब' आहे.

खारीबिस्कीट
बाराखडीबाहेर, तुमचं तारखांचं बरोबर आहे, पण इतकी काटेकोर साक्ष काढली तर काहीच म्हणता येणार नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूआर्क आणि डेट्रॉइट पेटलं होतं. बंदुकीवाली गोरी टोळी रोमेरोला काही स्वप्नात दिसली नाही. किंग यांची हत्या सिनेमात नाही, पण ज्या हवेत ती झाली ती हवा आहे.

बाराखडीबाहेर
मग 'हवा' म्हणा, 'प्रतिबिंब' का म्हणता? दुसरं बघा. १९७० चे 'सोल्जर ब्लू' आणि 'लिटल बिग मॅन'. दोन्हींत अमेरिकेचं घोडदळ तिथल्या मूळ रहिवाशांच्या छावणीवर तुटून पडतं, बायकापोरं कापतं. लोकांना दिसलं माय लाय. व्हिएतनाममधलं ते हत्याकांड मार्च १९६८ चं, पण उघडकीला आलं नोव्हेंबर १९६९ मध्ये. आता 'लिटल बिग मॅन' ज्या कादंबरीवरून घेतला ती १९६४ ची. आणि 'सोल्जर ब्लू'तली कत्तल १८६४ ची, सँड क्रीकची, खरोखर घडलेली. म्हणजे सिनेमा शंभर वर्षांपूर्वीचं सांगतोय आणि प्रेक्षक कालचं बघतोय. बदल पडद्यावर झाला की खुर्चीत?

कातळशिल्प
दोन्हीकडे. पण त्याआधी मला एक सांगा, त्या छावणीतल्या लोकांना तुम्ही मराठीत काय म्हणणार? आमच्या लहानपणी 'रेड इंडियन' होतं. पुस्तकात, पत्त्यांवर, गॅदरिंगमध्ये पिसं लावून.

अर्धविराम
मी 'मूळ अमेरिकन' लिहिलंय. जिथे १९५० च्या दशकातल्या पात्राच्या तोंडी आहे तिथे 'इंडियन' तसंच ठेवलंय. नाहीतर वेस्टर्नमधल्या नट जॉन वेनच्या तोंडी 'मूळ अमेरिकन' शोभेल का? 'द सर्चर्स'मधला त्याचा तो माणूस द्वेषाने जळतोय, त्याला सभ्य शब्द दिला तर सिनेमाच मेला.

कातळशिल्प
'आदिवासी' का नको?

बाराखडीबाहेर
नको. आपला 'आदिवासी' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे मेळघाट, पालघर येतं. तिथलं वेगळं. शक्य तिथे जमातीचं नावच लिहावं, शायन, कोमांची, आपाची. सँड क्रीकला मेले ते शायन आणि अरापाहो होते, कोणी 'मूळ अमेरिकन' नावाचे लोक नव्हते.

मठ्ठा
जॉनर कुठे गेला?

खारीबिस्कीट
तो आंघोळीला गेलाय. तोवर बिल्ल्याची गोष्ट पूर्ण करतो, ताईंनी अर्धी सोडलीय. 'हाय नून' जॉन वेनला आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला अजिबात रुचला नाही. हॉक्सचं म्हणणं, चांगला शेरीफ गावभर मदतीची भीक मागत हिंडेल कशाला? म्हणून दोघांनी १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यात शेरीफ मदत घ्यायलाच तयार नाही, आणि लोक आपणहून येतात. एकाच ठरलेल्या गोष्टीने एकाने 'गाव भित्रं' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'माणूस खंबीर हवा'. हे भांडण वर्तमानपत्रात झालं नसतं इतकं स्वच्छ वेस्टर्नमध्ये झालं.

आणि १९७१ चा 'डर्टी हॅरी'. आता घोडा नाही, सॅन फ्रान्सिस्को आहे. पोलीस इन्स्पेक्टर हॅरी झडतीचा वॉरंट न घेता खुन्याच्या खोलीत शिरतो, त्याला तुडवतो, कबुली काढतो. सरकारी वकील त्याला झापतो की मिरांडाचं नाव ऐकलंयस का? मिरांडा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा निकाल, अटकेतल्या माणसाला त्याचे हक्क सांगितलेच पाहिजेत हा. खुनी सुटतो. शेवटी हॅरी त्याला गोळी घालतो, बिल्ला काढतो आणि पाण्यात भिरकावतो. कृती तीच, १९५२ ची. तिथे मार्शलने बिल्ला टाकला कारण गाव कायद्याच्या मागे उभं राहिलं नाही. इथे हॅरी टाकतो कारण त्याला कायदाच आड येतो. हा सिनेमा डॉन सीगलचा, आणि १९५६ चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'ही त्याचाच. शेंगांतून माणसांच्या नकला निघतात तो. त्यात कोणाला कम्युनिस्ट दिसले, कोणाला कम्युनिस्टांना शोधणारे.

बाराखडीबाहेर
म्हणजे आरसा दोन्ही बाजूंना हवं ते दाखवतो. याला प्रतिबिंब म्हणत नाहीत.

कातळशिल्प
'सावट' म्हणा. सावटाला तारीख लागत नाही. 'बदलत्या अमेरिकेचं सावट'.

निवृत्तमास्तर
सावट अशुभाचेच असते. 'उमटणे' हे क्रियापद वापरा, नामाच्या मागे लागू नका. 'अमेरिकन चित्रपटांत बदल कसे उमटले.' मराठी ही क्रियापदांची भाषा आहे, इंग्रजी लेख वाचून वाचून आपण नामे जोडत बसतो.

अर्धविराम
'उमटले' घेतलं. सर, आभार. आता शेवटचं, 'झाँबी' (ती उठून चालणारी मेलेली माणसं)? भयपटांच्या भागात पानापानावर आहे.

बाराखडीबाहेर
गंमत सांगतो. १९६८ च्या त्या सिनेमात 'झाँबी' हा शब्द एकदाही येत नाही. त्यांना 'गूल' म्हणतात, मूळ अरबी शब्द. आणि सिनेमाचं आधीचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. नाव बदलताना शीर्षकाखालची कॉपीराइटची ओळ राहून गेली आणि सिनेमा सगळ्यांच्या मालकीचा झाला, ते वेगळंच.

निवृत्तमास्तर
फ्लेश ईटर्स? मग शब्द आयता आहे. पिशित म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच, अशी जुनी व्युत्पत्ती आहे. 'पिशाच' घ्या, जसाच्या तसा बसतो!

कातळशिल्प
सर, कोकणात पिशाच म्हटलं की ते पिंपळावर असतं, एकटं असतं आणि त्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते. नारळ दिला की जातं. हे मॉलमध्ये घोळक्याने फिरणारे कुठले पिशाच? त्यांना नारळ देऊन भागेल?

मठ्ठा
मॉलमध्ये कूपन द्या.

निवृत्तमास्तर
तुमचा मुंजा किंवा समंध म्हणजे पिशाच नव्हे. मी मूळ अर्थाबद्दल बोलतो आहे.

कातळशिल्प
मूळ अर्थ कोण वापरतं सर? मघाशी मी जॉनरचं मूळ 'जात' सांगितलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, व्युत्पत्ती आणि अर्थ वेगळे.

खारीबिस्कीट
मास्तर, आउट.

निवृत्तमास्तर
तुलना चुकीची आहे. तिथे दोन भाषांतले दोन शब्द होते, इथे एकाच शब्दाचा जुना अर्थ आहे.

कातळशिल्प
तरी मला एक कळत नाही. हे सगळं अमेरिकेतल्या माणसाला दिसत असेल, आपल्याला काय दिसायचं? 'मॅकेनाज गोल्ड' (१९६९) तिकडे आपटला आणि आपल्याकडे धो धो चालला. आमच्या वडिलांना त्यात ना व्हिएतनाम दिसलं ना निक्सन. सोन्याची दरी, उगवत्या सूर्याची ती लांबत जाणारी सावली, आणि शेवटी सगळा डोंगर कोसळतो. पैसे वसूल.

खारीबिस्कीट
हावरट लोक एकत्र जमतात आणि एकमेकांच्या जिवावर उठतात, हे आपल्याला समजावून सांगायला निक्सन कशाला लागतोय?

बाराखडीबाहेर
पण म्हणूनच अनुवादात तळटीप लागते. १९७१ चा प्रेक्षक 'मिरांडा' ऐकून हलला असेल, आपला वाचक म्हणेल ही कोण बाई.

अर्धविराम
तळटीपा संपादकांनी काढल्या. म्हणाले, पुस्तिकेत जागा नाही. 'जॉनर'वर मात्र नरमले. म्हणतात, ठेवा तुमचं 'जॉनर', पण पहिल्यांदा येईल तिथे 'आख्यानपट' असंही लिहा. (मास्तर, तुमचा शब्द सुचवला होता मी. श्रेय मठ्ठाला द्यावं लागेल.) आता नवीन प्रश्न. वाक्य आहे: 'हा/ही/हे जॉनर १९७० नंतर मावळला/ली/लं.' काय लिहू?

खारीबिस्कीट
तो जॉनर. 'प्रकार' पुल्लिंगी, म्हणून.

बाराखडीबाहेर
ते जॉनर. आमच्याकडे सगळे 'ते'च म्हणतात. 'हॉरर हे माझं जॉनर नाही.'

कातळशिल्प
ती. जात स्त्रीलिंगी.

निवृत्तमास्तर
लिंग ठरत नाही, सामान्यरूप होत नाही, अनेकवचन माहीत नाही. जॉनरात की जॉनरमध्ये? आणि हा शब्द म्हणे मराठीत रुळला!

मठ्ठा
सर, 'पेन' तो की ते की ती, हे आमच्या घरात अजून ठरायचंय. लिहितोय सगळे त्यानेच. तिनेच. त्यानंच.